जुनं, नवं, काहून, सही

टाइपरायटरचं मार्जिन चार घरं सरकवलं, तरी कापगतेबाई ते वहीत लिहून ठेवत. वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. आमचा अख्खा कारखाना बारा वर्षं त्यांना हसत होता आणि त्या हसण्यात माझाही आवाज होता. आज कोणी त्यांच्या वहीची थट्टा केली तर माझं डोकं तापतं. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून मोकळा होतो. पुढे ते लपणारही नाही.

वरठीला रेल्वेस्टेशनच्या पलीकडे धानगिरणीचे सुटे भाग ओतणारा एक लहान कारखाना होता. आज तो नाही, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. १९७८ साली मी तिथं कारकून म्हणून लागलो. मी सानगडीचा. धानाच्या बांधीतला, म्हणजे शेतातला, चिखल पायाला असायचा तोवर बरं होतं, कचेरीच्या खुर्चीत कसं बसायचं तेच कळत नव्हतं. बाई तिथं दोन वर्षं आधीपासून टायपिस्ट होत्या. ठेंगणा बांधा, कमरेला खोचलेला पदर आणि कानामागे पेन्सिल. तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टाइपरायटरवर माझा एक अर्ज टाइप केला. कागद अरुंद होता म्हणून मार्जिन सरकवलं. बाई डबा धुऊन आल्या, बसल्या, एक ओळ टाइप केली आणि थांबल्या.

“माह्या मशीनले हात कोनं लावला?”

“मी लावला. का, काही बिघडलं?”

“हात लावल्याचं काही नाई. जुनं मार्जिन किती होतं?”

मला काय ठाऊक!

“तेच तं,” बाई म्हणाल्या. “बदलाले कोनी मना करत नाई, भाऊ. पन जुनं लिहून ठेवल्याबिगर बदलाचं नाई. मंग परत जाची वाट राहात नाई.”

त्यांनी ड्रॉवरमधून एक लांबडी वही काढली. तिच्यात तारखेपुढे चार रकाने आखलेले होते: जुनं, नवं, काहून, सही. ‘का’ नाही, ‘कारण’ नाही, सरळ आमच्या बोलीतलं ‘काहून’. जुनं मार्जिन त्यांना पाठ होतं, ते त्यांनी मला लिहायला लावलं. ‘काहून’च्या रकान्यात मी ‘सहज’ असं लिहिलं. बाईंनी मान हलवली. “सहज कोनी काही करत नाई.” मी ‘सहज’वर काट मारायला गेलो, तर त्यांनी माझा हातच धरला. “खोडू नोका. वहीत खोडाचं नसते. खाली लिहा.” मग मी खाली लिहिलं, ‘कागद अरुंद होता’, आणि सही केली. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी एका टायपिस्ट बाईनं आपल्याला शाळेतल्या पोरासारखं वागवावं, याचा मला त्या दिवशी फार संताप आला होता.

ही सवय त्यांना कुठून लागली ते पुढे चहाच्या वेळी कळलं. बाई एकोडीच्या. त्यांचे वडील गावच्या तलावाचे पाणकर, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे. आमच्या भागात तलावाच्या पोटात दगडी पायऱ्यांचा एक खांब असतो, त्याला तुडुम म्हणतात. पायरीपायरीला भोक आणि भोकाला लाकडी बूच. बूच काढलं की पाणी नहरात उतरतं आणि तिथून धानाच्या बांध्यांत जातं. बाईंचे वडील एक बूच काढलं की तलावाच्या पारीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, कोनाड्यात एक खडा ठेवत आणि बूच बसवलं की खडा उचलत. कोनाडा पाहिला की गावातल्या कोणालाही कळे की किती बुचं उघडी आहेत.

“अन् एका टायमाले एकच बूच,” बाई सांगत. “दोन काढले अन् खालची बांधी फुटली, तं कोनत्या बुचानं फुटली हे समजन कसं? बाबा म्हनत, पानी सोडनाऱ्याचे हात दोन असतात, पन बूच एका हातानंच काढाचं.”

१९८६ साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. जिल्ह्यात तेव्हा असे किती असतील कोण जाणे, पण आमच्या मालकांना तो हवाच होता. जुन्या नमुन्यांची खोली रिकामी झाली, तिथं थंड हवेचं यंत्र लागलं, पडदे आले, दाराबाहेर चपला काढायचा नियम आला. माणसं भट्टीपुढे भाजत होती आणि यंत्राला गारवा! नागपूरहून आलेला इंजिनियर दोन दिवस राहिला, मालकांना चार कळा दाबून दाखवल्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. जाताना बाईंनी त्याला विचारलं, की यंत्र सुरू होताना आधी जी फाईल वाचतं, तिच्यात काय लिहिलेलं असतं? तो म्हणाला, “बाई, त्या फाईलला हात लावायचा नाही. बिघडेल.”

“हात नाई लावला तं समजन कसं?” बाई मला नंतर म्हणाल्या. “हात लावीन. पन लिहून ठेवून लावीन.”

मॅट्रिक झालेली बाई शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचू लागली. पहिलं काम काय केलं? एका कोऱ्या फ्लॉपीवर यंत्र सुरू करण्यापुरतं सगळं उतरवून घेतलं, सुरुवातीच्या फायलींची नक्कल तिच्यात ठेवली, कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये, आणि वर लाल पेन्सिलीनं नाव घातलं: ‘बिजाई’. पेरणीसाठी राखलेल्या धानाला आमच्याकडे बिजाई म्हणतात. “घरात दाना नसला तरी बिजाईचं धान कोनी कांडत नाई,” त्या म्हणाल्या. ती फ्लॉपी पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात.

वर्षभरात एक अडचण आली. मालाच्या नोंदीचा प्रोग्राम मध्येच थांबे आणि पडद्यावर निरोप येई की फार फायली उघड्या आहेत. इंजिनियरला तीन पत्रं गेली, तो फिरकला नाही. एका सकाळी बाईंनी मला शेजारी बसवलं. आधी त्या सुरुवातीच्या फाईलची नक्कल दुसऱ्या नावानं केली. मग फाईल होती तशी कागदावर छापून घेतली. मग एकदम किती फायली उघडता येतील ती एकच ओळ बदलली, आठाचे वीस केले. बाकी कशालाही हात नाही. मी उठू लागलो तर म्हणाल्या, “बसा. सुरुवातीची फाईल मशीन सुरू होतानाच वाचते. आता बदललेलं आता दिसत नाई. बंद करून, चालू करून पायल्याबिगर उठाचं नाई.” यंत्र बंद केलं, चालू केलं, प्रोग्राम सुरळीत चालला. मग वही: जुनं आठ, नवं वीस, काहून तर असा असा निरोप येत होता. सही. साक्षीदार म्हणून माझीही सही. ज्या कामासाठी नागपूरचा माणूस महिनाभर आला नाही, ते बाईंनी पाव तासात केलं आणि वर पुन्हा परतीची वाटही शाबूत ठेवली. कोणी शाबासकी दिली? कोणीही नाही.

वहीचा नियम सगळ्यांना होता. शिपाई डोमानं झाडताना वायर काढून लावली, तरी त्याचा अंगठा वहीत. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. मालकीणबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावानं फ्लॉपीच्या फटीत अक्षता सारल्या. बाईंनी भुवयांचा चिमटा आणून त्या एकेक काढल्या आणि वही पुढे केली: ‘जुनं: फट रिकामी. नवं: सात अक्षता. काहून: पूजा.’ मालकीणबाईंना वाटलं की अभिप्रायाची वही आहे. त्यांनी सहीच्या रकान्यात ‘शुभेच्छा’ लिहून दिल्या. आम्ही आठवडाभर हसलो. बाई हसल्या नाहीत. “त्यायनं सही तं केली,” एवढंच म्हणाल्या.

त्याच दसऱ्याला मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता: “बाई, मशीन सांभाळा, पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करतो.” बाई बारा वर्षं हंगामी होत्या. दर सहा महिन्यांनी त्यांच्या हातात मुदतवाढीचा कागद पडायचा, आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की तो कागद टाइपही त्याच करायच्या. त्यांच्यामागून आलेला मी कायम झालो होतो. भट्टीवरचे दोन फोरमन झाले होते. बाईचं घर तिच्या पगारावर चालत नसतं, असा आमच्या मालकांचा लाडका समज होता. एकोडीला म्हातारे आईबाप कोणाच्या पगारावर जेवत होते, हे विचारायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. तरी त्या दिवशी बाईंचा चेहरा उजळला होता. संध्याकाळी सायकल काढताना मला म्हणाल्या, “बाबाले सांगीन. त्यायले समजन नाई कॉम्प्युटर काय असते, पन कायम समजते.”

मग मालकांचा भाचा आला. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स केलेला. मालकांचा भाचा म्हणून सगळे त्याला भाचेसाहेब म्हणत, मी आजही म्हणतो, फक्त तेव्हा अदबीनं म्हणत असे. भाचेसाहेबांना बाईंची वही पहिल्याच दिवशी खुपली. बाईंनी ती नेहमीप्रमाणे पुढे केली होती. “ये क्या है? किराणा दुकान आहे का, वहीत लिहायला?” ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, “मशीनले कोन साहेब अन् कोन शिपाई हे समजत नाई, साहेब. म्हनून वहीत सगळ्यायची सही.” भाचेसाहेबांनी सही केली नाही.

१९८८च्या हिवाळ्यातली गोष्ट. गोंदिया आणि रायपूरकडचे मोठे गिरणीवाले दुसऱ्या दिवशी कारखाना पाहायला यायचे होते. मालकांना त्यांच्यापुढे कॉम्प्युटर मिरवायचा होता. आदल्या दिवशी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईला दवाखान्यात दाखवायला भंडाऱ्याला गेल्या. दुपारी चारच्या सुमारास मी एक यादी घ्यायला त्या खोलीत गेलो, तर भाचेसाहेब यंत्रापुढे बसलेले. त्यांनी सुरुवातीची फाईल उघडली होती. “इतका कचरा कशाला ठेवला बाईनं? अब देखो लांजेवार, रॉकेट होईल रॉकेट,” असं म्हणत त्यांनी चार ओळी उडवल्या आणि नागपूरहून आणलेल्या कुठल्याशा फ्लॉपीतल्या तीन नव्या घातल्या. नक्कल नाही, छापील कागद नाही. एक नाही, सातही बुचं एकदम.

मी म्हणालो, “साहेब, वहीत लिहायचं असतं.”

ते हसले. यंत्र बंद केलं, पण पुन्हा चालू करून न पाहताच उठले आणि स्कूटर काढून निघून गेले. मला त्याच क्षणी ठाऊक होतं की हे बरं झालेलं नाही. पण स्टोअर-इन्चार्जच्या जागेसाठी माझं नाव मालकांच्या टेबलावर होतं. मी यादी घेतली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गिरणीवाले मोजे घालून त्या गार खोलीत उभे. मालकांनी बाईंना खूण केली. बाईंनी यंत्र चालू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि यंत्र गोठलं. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मालकांच्या मानेवर लाली चढली. भाचेसाहेब लगेच म्हणाले, “कल तक तो बराबर चालत होतं. बाईनं सकाळी काहीतरी दाबलं.”

बाई खुर्चीवरून उठल्या. कपाटातून डबा काढला, डब्यातून बिजाई. तिच्यावरून यंत्र जागं केलं. मग जे केलं ते पाहून मला आजही त्यांना हात जोडावेसे वाटतात. पाच पाहुणे डोक्यावर उभे, मालक दातओठ खात असलेले, तरी त्यांनी आधी बिघडलेली फाईल जशीच्या तशी छापून घेतली, ती शेवटी कधी बदलली ती तारीख-वेळ छापून घेतली आणि मगच जुनी नक्कल जागेवर ठेवली. बंद केलं, चालू केलं. यंत्र सुरू झालं. दहा मिनिटंही लागली नसतील. एका पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या.

पाहुणे जेवायला गेले आणि मालकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं: बाई, भाचेसाहेब आणि मी. बाईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. “हे माह्या हातचं नाई. फाईल काल चार वाजून बारा मिनिटाले बदलली. काल एक वाजल्यापासून मी रजेवर होती.”

भाचेसाहेब म्हणाले, “मामाजी, त्या मशीनला स्वतःचं घड्याळ नाही. रोज सकाळी बाईच वेळ टाकते. ती टाकेल ती वेळ.” हे खरं होतं. आम्ही सगळे ती वेळ न टाकता कळ दाबून पुढे जात असू. एकट्या बाई रोज मनगटावरचं घड्याळ पाहून अचूक वेळ टाकत. त्यांचा तो नेमकेपणाच आता त्यांच्याविरुद्ध उभा केला गेला. आणि पुढचं वाक्य तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. “अन् मला सांगा, इतक्या लवकर दुरुस्त झालं कसं? फ्लॉपी आधीच तयार! म्हणजे बिघडणार हे बाईला माहीत होतं.”

मालकांनी मान डोलावली. ज्याच्या घरात बादल्या भरलेल्या असतात त्यानंच आग लावली, असा हा न्याय! ज्यानं बिघडवलं तो निर्दोष, कारण त्याला दुरुस्त करता येत नव्हतं. जिनं वाचवलं ती गुन्हेगार, कारण तिनं तयारी ठेवली होती. उलटा चोर कोतवालाला दटावतो तेव्हा कोतवाल निदान गप्प तरी बसत नाही. इथं कोतवालानं चोरालाच खुर्ची दिली.

“काल चार वाजता त्या खोलीत कोणी होतं का?” मालकांनी विचारलं. बाईंना माहीत होतं की चारला रोज मी यादी घ्यायला जातो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. वही पुढे करताना जसं बघत तसंच बघत होत्या.

“मी स्टोअरमध्ये होतो,” मी म्हणालो.

बाईंनी नजर काढून घेतली. मालकांनी एक कोरा कागद सरकवला. “लिहून द्या, बाई. माझ्या हातून सेटिंग बदलताना चूक झाली, एवढंच. मी प्रकरण मिटवतो. मशीन भाचा पाहील. टायपिस्ट म्हणून या महिन्यातच कायम करतो तुम्हाला. चांगली ऑफर आहे.”

बारा वर्षं ज्या एका शब्दाची वाट पाहिली, तो समोर ठेवला होता. किंमत एक सही. आयुष्यभर दुसऱ्यांना सही करा, सही करा म्हणून कावून सोडणाऱ्या बाईंनी पेनाला हात लावला नाही.

“टाइपरायटरले बसाची मले लाज नाई, मालक,” त्या म्हणाल्या. “पन जे केलं नाई त्याच्याखाली सही करीन, तं मंग आजवर जेवढ्या सह्या केल्या त्या सगळ्या खोट्या होतात.”

“मग मुदतवाढ विसरा.”

“विसरली.”

त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. यंत्र कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं, कुठली फाईल कुठं, सगळं दोन पानांवर सुवाच्य लिहून ठेवलं. बिजाई डब्यात ठेवून डबा कपाटात ठेवला. त्यांना हाकललं होतं आणि त्या परतीची वाट आखून देत होत्या! शेवटी वही उघडून त्यांनी आदल्या दिवशीच्या तारखेपुढे जुनं लिहिलं, नवं लिहिलं, ‘काहून’मध्ये ‘माहीत नाही’ असं लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली.

“तुम्ही पायलं ना, भाऊ? मंग सही करा.”

“बाई, माझी जागा...” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. सहीचा रकाना कोरा ठेवून त्यांनी वही मिटली. “वही मशीनची आहे. इथंच राहू द्या.” सायकल ढकलत फाटकाबाहेर गेल्या. डोमा शिपायाच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्याचा अंगठा घेतला होता त्याला लाज होती, आणि पदवीधर मी यादीत डोकं घालून बसलो होतो.

पुढचं लांबवत नाही. भाचेसाहेबांनी दोन महिन्यांत बिजाईच्या फ्लॉपीवरची चिकटपट्टी काढून तिच्यावर खेळ उतरवला. राखलेलं बियाणं कांडून खाल्लं म्हणा ना. त्यानंतर यंत्र बंद पडलं ते पडलंच. भाचेसाहेब नागपूरला परतले, यंत्रावर रेशमी कापड पडलं, दसऱ्याला त्याची पूजा मात्र होत राहिली. स्टोअर-इन्चार्ज मी झालो. वही रद्दीत निघाली तेव्हा ती मी घरी आणली आणि कित्येक महिने ट्रंकेत ठेवली. ट्रंक उघडली की माझी जेवणावरची वासना उडे.

१९८९च्या अखेरीस एका रविवारी मी एसटीनं एकोडीला गेलो. बाईंच्या घराच्या ओसरीवर दोन जुने टाइपरायटर होते आणि चार मुली टकटक शिकत होत्या. प्रत्येकीच्या शेजारी चार रकान्यांची वही. बाईंनी मला पाहिलं, मुलींना सुट्टी दिली, पाणी दिलं, चहा टाकला. वडील उन्हाळ्यात गेले, म्हणाल्या. ‘कायम’ झाल्याचं त्यांना सांगायचं राहिलंच, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माझं मलाच ते आठवलं.

मी पिशवीतून वही काढून तो कोरा रकाना उघडला. “बाई, मला सही करायची आहे.” पेन काढून मी त्या जुन्या तारखेपुढे सही करायला गेलो, तसा त्यांनी माझा हात धरला. अकरा वर्षांपूर्वी धरला होता तसाच.

“तिथं नाई. जुनं जसं आहे तसं राहू द्या. खाली लिहा. अन् तारीख आजची टाका.”

मी खालच्या ओळीत त्या दिवसाची तारीख टाकली. जुनं: ‘मी स्टोअरमध्ये होतो.’ नवं: ‘मी त्याच खोलीत होतो. भाचेसाहेबांना फाईल बदलताना पाहिलं.’ आणि सहीकडे वळलो.

“काहून राहिलं,” बाई म्हणाल्या.

मी पेन मागच्या रकान्यात नेलं. मग लिहिलं: ‘भ्यालो.’ आणि सही केली. बाईंनी वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली. मला वाटलं, संपलं, आता हलकं वाटेल. त्या म्हणाल्या, “लिहिलं म्हनजे झालं असं नसते, भाऊ. बंद करून, चालू करून पायल्याबिगर उठाचं नाई, सांगतलं होतं ना?”

मला कळलं. सोमवारी सकाळी मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून तो शेवटचा बदल वाचला. मी तयार होतो: चिडतील, नोकरीवरून काढतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “अरे लांजेवार, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. पाहुण्यांसमोर घरच्या माणसाला कसं पाडायचं? जाऊ दे, जुनी गोष्ट.” आणि त्यांनी चहा मागवला.

तो चहा मी प्यायलो नाही. नोकरी मात्र सोडली नाही, तेही सांगायलाच हवं. पण टेबलावरून वही उचलण्याआधी मी तिथंच, त्यांच्यासमोर, खालच्या ओळीत त्या दिवसाची तारीख टाकली. जुनं: ‘बाईंनी बिघडवलं.’ नवं: ‘मालकांना पहिल्या दिवसापासून खरं माहीत होतं.’ काहून: ‘घरचा माणूस.’ आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

कापगतेबाई आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. त्या ओळीपुढचा सहीचा रकाना कोरा आहे.